त्यांना समोर बसवा

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून, दोन खोल्या आहेत. पहिल्या खोलीत डोळ्याच्या खोबणीचं माप घेतात आणि दुसऱ्या खोलीत डोळे रंगवतात. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांना बसवायचे कृत्रिम डोळे. दुसऱ्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. खिडकीशी दोन टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलापाशी समोरासमोर दोन खुर्च्या, एक रंगवणाऱ्याची आणि एक रुग्णाची. त्यातल्या एका टेबलावर, सगळे ज्यांना नुसतं बाई म्हणतात त्या, एकोणतीस वर्षं काम करत आहेत. गेल्या वर्षी ती खुर्ची त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं होतं.

मी त्याच दवाखान्याच्या कार्यालयात नेमणुका, बदल्या आणि रजा पाहतो. त्यामुळे या प्रकरणाचा प्रत्येक कागद माझ्या हातून गेला. काही मीच टाइप केले.

बाईंची कामाची रीत आधी सांगायला हवी. बुबुळ एका लहान चकतीवर रंगवतात. बाई रुग्णाला खिडकीकडे तोंड करून बसवतात, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघतात, ब्रशचा एक फटकारा मारतात, आणि पुन्हा बघतात. एका फटकाऱ्याला एकदा बघणं, हा हिशेब त्यांनी कधी मोडला नाही. रुग्ण पाणी प्यायला उठला तर ब्रशही थांबतो. शेवटी सगळं वहीत उतरतं: "तपकिरी, त्यावर मधाच्या रंगाचा पातळ हात. बाहुलीजवळ, सात वाजण्याच्या जागी, गंजासारखा ठिपका. कडा करडी, वरच्या बाजूला जास्त रुंद." एका डोळ्याला एक पान. अशा वह्यांचं एक कपाट भरलं आहे.

शेजारच्या टेबलावर चित्रकार बसतो. कला महाविद्यालयात शिकलेला, पस्तिशीचा, हात सुरेख. तो रुग्णाकडे पाच मिनिटं टक लावून बघतो, त्याला चहाला पाठवतो, आणि तो परत येईपर्यंत बुबुळ तयार. बाईंना एका डोळ्याला दीड दिवस लागतो.

"बाई, तुमची मान दुखत नाही का हो?" तो विचारायचा. "सारखी वर-खाली, वर-खाली."

"दुखते ना," बाई म्हणायच्या. "पण डोळा परत येत नाही."

हे मात्र खरं होतं. चित्रकाराकडचे डोळे दुरुस्तीला परत यायचे. बाईंकडचे क्वचित.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाचणारा होता, आणि जे वाचेल ते लगेच दवाखान्यात लागू करायची त्याला घाई असे. पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. आपल्या घराचा दरवाजा मनात आणा. आता एकेकाने काय दिसतं ते सांगा."

मेट्रनबाईंना पितळी कडी दिसली, आणि कडीवर बोटांचे डाग. चित्रकाराला तर दरवाजाच्या लाकडातल्या रेषासुद्धा दिसत होत्या. तो हवेत बोट फिरवून त्या दाखवू लागला. मला माझा दरवाजा दिसला, पण धुरकट. बाईंची पाळी आली.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?"

"डोळे मिटले की अंधार. मिटायला तुम्हीच सांगितलंत."

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मेट्रनबाईंकडे वळून विचारलं, "तुम्हाला खरंच कडी दिसली?"

"अहो, म्हणजे काय! दिसणारच ना. तुमच्या डोळ्यासमोर काही येत नाही?"

"मला वाटायचं ही बोलायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "पोटात कावळे ओरडतात असं म्हणतो आपण, पण कावळे असतात का तिथे? तसंच डोळ्यासमोर येणं. साठी जवळ आली माझी, आणि आज कळतंय की तुमचे कावळे खरे आहेत."

पुन्हा हशा झाला. साहेबांनी मात्र वहीत काहीतरी टिपून घेतलं.

दोन आठवड्यांनी त्यांनी मला एक मसुदा दिला. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही, हा दोष नव्हे, माणसामाणसांतला फरक आहे, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. आणि त्याच दमात पुढचं वाक्य टाइप करायला लावलं: "मनात प्रतिमा निर्माण करण्याची क्षमता नसल्यामुळे आपली बदली रंगकामावरून पॉलिशच्या कामावर करण्यात येत आहे." पॉलिश म्हणजे तळघरातलं यंत्र. तिथे रुग्ण येत नाही. तिथे फक्त डोळे येतात, ताटलीत.

कागद द्यायला मीच गेलो. बाईंनी तो उभ्यानेच वाचला. मग माझ्याच पेनने पोचेच्या जागी लिहिलं: "कागद मिळाला. मजकूर मान्य नाही. खुर्ची सोडणार नाही."

"बाई, पोचेवर फक्त सही करतात," मी म्हणालो.

"सही केलीय ना खाली."

बदलीच्या तारखेला त्या नेहमीच्या वेळी आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि रुग्णाला हाक मारली. साहेबांनी पहिल्या दिवशी निरोप पाठवला, दुसऱ्या दिवशी मेट्रनला पाठवलं, तिसऱ्या दिवशी स्वतः गेले. बाई म्हणाल्या, "साहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

खरा त्रास जेवणाच्या सुट्टीत झाला. बाईंची थोरली नणंद आमच्याकडेच औषधांच्या खिडकीवर असते. सभागृहातली गोष्ट तिच्या मनात सलत होती. एक दिवस डबा उघडता उघडता तिने सगळ्यांसमोर विषय काढला.

"माझा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. एकदाही तुझ्या डोळ्यासमोर आला नाही तो?"

"नाही, वन्सं."

"असं बोलवतं तरी कसं गं तुला?"

"खरं आहे म्हणून बोलवतं."

"मला बाई रोज दिसतो. सकाळी दार उघडलं की जसाच्या तसा उभा."

"जसाच्या तसा?" बाईंनी डब्याचं झाकण खाली ठेवलं. "मग सांगा, त्यांच्या कुठल्या डोळ्यात ठिपका होता?"

नणंद म्हणाली, "उजव्या."

"डाव्या. पाच वाजण्याच्या जागी, मोहरीएवढा. मी बघितलाय तो, वन्सं. बावीस वर्षं शेजारी बसून बघितलाय. ते खोलीबाहेर गेले की माझ्याकडे काही उरायचं नाही, म्हणून असेपर्यंत बघून घ्यायची. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं. मग तुम्ही सगळ्या आपल्या माणसांकडे न बघता कशा काय राहता, याचंच मला नवल वाटायचं."

नणंद बराच वेळ डब्यातला घास चिवडत राहिली. मग म्हणाली, "उजव्याच होता," पण आवाजात जोर नव्हता.

याच सुमाराला रंगाच्या कारखान्यातला एक कामगार आमच्याकडे आला. पिंप फुटून त्याचे दोन्ही डोळे गेले होते. जखमा भरल्या होत्या आणि आता कृत्रिम डोळे बसवायचे होते. माणूस मोठा गमत्या.

"मला काय हो," तो म्हणायचा, "मला थोडेच दिसणार आहेत! हिला बघायचेत. रोज काळा चष्मा बघून कंटाळली ती."

बायको चाळिशीची, अबोल. तिला एवढंच हवं होतं की नवऱ्याचे डोळे होते तसे परत मिळावेत. घरात फोटो होते, पण एकात तो चष्मा लावून उभा, एकात उन्हामुळे डोळे बारीक केलेले, आणि लग्नाच्या फोटोचा रंग उडालेला.

साहेबांनी हे काम चित्रकाराला दिलं. समोर बघायला डोळाच नाही, तेव्हा हे कल्पनाशक्तीचं काम, असं ते म्हणाले. चित्रकाराने बायकोला समोर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि तिला आठवेल ते विचारत गेला. त्याच्या मनात डोळे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते तयार झाले आणि आम्ही सगळे बघायला गेलो. फार सुंदर डोळे होते. मधाळ, चमकदार, आत उजेड असल्यासारखे.

बायकोने ते बघितले. "छान आहेत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ह्यांचे नाहीत."

चित्रकाराने दुसरी जोडी केली, मग तिसरी. दर वेळी ती डोळे मिटून सांगायची, तो मान डोलवायचा, आणि दर वेळी तेच उत्तर यायचं. तिसऱ्या वेळी ती रडवेली होऊन म्हणाली, "मीच विसरले असेन." नवरा तिच्या दिशेने हात चाचपत म्हणाला, "अगं, असू दे. तिसरे घेऊ. मला शोभतील."

या सगळ्यात बाईंच्या बदलीचा तिढा तसाच होता. शेवटी साहेबांनी बैठक बोलावली: साहेब, मेट्रनबाई, चित्रकार, बाई, आणि टिपणं घ्यायला मी. बैठक बाईंच्या हट्टामुळे रंगकामाच्या खोलीतच झाली. खुर्चीवरून उठणार नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता.

साहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण तुम्हाला समोर नमुना लागतो. नमुना नसेल तर तुम्ही काय करणार? कारखान्यातल्या त्या माणसाचंच उदाहरण घ्या. तिथे कल्पनाशक्ती लागते."

"तीनदा लागली ना," बाई म्हणाल्या. "लागून काय झालं?"

चित्रकाराचा चेहरा पडला. मग बाईंनी खणातून नमुन्याच्या चकत्यांचा ट्रे काढला. साठ चकत्या, काळ्यापासून निळसर करड्यापर्यंत.

"फाटकावरचे मामा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तेच फाटक उघडतात. आजही उघडलं. तुम्हा चौघांनाही चित्र दिसतं ना? मग डोळे मिटा, मामांना बघा, आणि त्यांच्या डोळ्याची चकती काढा. एकमेकांना दाखवू नका."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, पण डोळे मिटले. मीही मिटले. मामा मला स्वच्छ दिसले: टोपी, मिशा, फाटकाच्या गजावरचा हात. मी गडद तपकिरी चकती उचलली, अगदी खात्रीने. मुठी उघडल्या तेव्हा टेबलावर चार चकत्या होत्या. साहेबांची काळी, मेट्रनबाईंची फिकट तपकिरी, चित्रकाराची हिरवट झाक असलेली.

"आता तुमची, बाई," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मी नाही काढणार. मला माहीत नाही. मामांना बोलवा."

मामा धावत आले. "काय चुकलं साहेब?"

"काही नाही, मामा. या, बसा. खिडकीकडे बघा."

आम्ही चौघं वाकलो. मामांचे डोळे राखाडी तपकिरी होते आणि दोन्ही बुबुळांभोवती म्हातारपणी येते तशी रुंद, पांढुरकी कडा होती. तशी चकती आख्ख्या ट्रेमध्ये नव्हती.

"मोतीबिंदू आहे का हो?" मामांनी घाबरून विचारलं.

"नाही मामा, वय आहे," बाई म्हणाल्या.

"मग ठीक. तुम्ही सगळे असे वाकलात, मला वाटलं गेला डोळा."

मामा गेल्यावर साहेबांनी आपली काळी चकती ट्रेमध्ये परत ठेवली. मग म्हणाले, "बरं. पण मामांना बोलावता आलं. त्या माणसाचे डोळे कुठून बोलावणार?"

"डोळे गेलेत. घरची माणसं आहेत. उद्या सगळ्यांना बोलवा. मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः तळघरात जाईन. जमलं, तर ते पत्र परत घ्यायचं."

साहेबांनी होकार दिला. मी तो टिपून घेतला आणि बैठकीच्या कागदावर दोघांच्या सह्याही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तो कामगार, त्याची बायको, आई, थोरला भाऊ आणि शाळेत जाणारी मुलगी अशी सगळी फौज आली. बाईंनी बायकोला डोळे मिटू दिले नाहीत. "उघडे ठेवा आणि फक्त बघा," त्या म्हणाल्या. आधी मुलीला रुग्णाच्या खुर्चीत बसवलं. लोक म्हणायचे, मुलीने बापाचे डोळे घेतलेत. बायको बघत राहिली आणि म्हणाली, "थोडे तसेच आहेत. पण..." पुढचं तिला सांगता येईना. मग थोरला भाऊ बसला. त्याने खिडकीकडे मान वळवली आणि ती एकदम म्हणाली, "नाही, नाही! ह्यांचे इतके पिवळे नव्हते."

बाई याच 'नाही'ची वाट बघत होत्या. "कुठे पिवळे नव्हते? काडी घ्या. भाऊजींच्या डोळ्याला लावू नका, लांबूनच दाखवा."

"इथे, खाली. आणि ह्यांची कडा जास्त गडद."

"किती? या चकतीएवढी?"

"नाही. मधे कुठेतरी."

मधे पडून आई म्हणाली, "लहानपणी काळेभोर होते गं त्याचे."

"आजी, लहानपणचे मी करत नाही," बाई म्हणाल्या. "सुनेने बघितले ते करते."

डोळे मिटून 'कसं होतं' हे बायकोला सांगता येत नव्हतं. पण समोर काही ठेवलं की 'कसं नव्हतं' हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी भावाला चार दिवस बोलावलं. भावाच्या डोळ्याकडे बघून चकती करायची, बायकोने चुका काढायच्या, त्यावरून पुढची चकती. प्रत्येक 'नाही' वहीत लिहिलं जात होतं. नुसता अंदाज घेण्यापुरत्या, कच्च्या हाताच्या अशा एकंदर अकरा चकत्या झाल्या.

मधल्या वेळात तो कामगार आणि बाई गप्पा मारायचे. एकदा तो म्हणाला, "मला ही अजून लख्ख दिसते. तिशीतलीच आहे माझ्याकडे."

"राहू दे तशीच," बायको पलीकडून म्हणाली.

तो बाईंकडे वळला. "आणि तुम्हाला म्हणे डोळे असून कुणी दिसत नाही? मग गेलेल्या माणसाला आठवता तरी कसं?"

"बारा सक किती?" बाईंनी विचारलं.

"बाहत्तर."

"बाहत्तर दिसले का कुठे?"

"नाही."

"पण आले ना? बोलावल्याबरोबर आले, आणि बरोबर आले. माझी माणसं तशी येतात. चित्र नाही म्हणून कुणी मला गरीब समजू नये."

तो मोठ्याने हसला. "मी कसला समजतोय, बाई! मी तर तुमच्याच भरवशावर बसलोय."

आठव्या दिवशी अकराव्या चकतीवरून केलेले डोळे तयार झाले. बायकोने तळहात पुढे केला. बाईंनी दिले नाहीत.

"हातात डोळे कधी बघितले होते तुम्ही? जिथे बघायचात तिथे बघा."

त्यांनी ते डोळे त्याच्या खोबणीत बसवले, पापण्या सारख्या केल्या आणि त्याला खिडकीकडे वळवलं. साहेब, चित्रकार, मी, सगळे दाराशी उभे होतो. बायको जवळ गेली. त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग मागे सरकून, थोडी रागावल्यासारखी, म्हणाली, "असं टक लावून काय बघताय माझ्याकडे?"

"मी कुठे बघतोय?" तो म्हणाला.

तेव्हा ती हसली आणि तिथेच स्टुलावर बसली. एवढ्यावर आम्हाला कळलं. चित्रकाराने तर बाईंच्या वहीची पानं उलटायला घेतली.

साहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मी नवा कागद टाइप करून बाईंकडे नेला: "विशेष बाब म्हणून, आपल्या मर्यादेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, आपणास रंगकामावर कायम ठेवण्यात येत आहे."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. बाईंनी कागद वाचला, चार शब्दांखाली रेघ मारली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"मर्यादा कसली?" त्यांनी विचारलं.

"बाई, तुमच्या बाजूनेच लिहिलंय."

"विशेष बाब, मर्यादा, सहानुभूती. मी नापास झाले आणि तुम्ही मला वरच्या वर्गात ढकललंत, असा हा कागद आहे. मी नापास झालेले नाही. सवलत नको मला."

"मग काय लिहू?"

"लिहा: रुग्ण किंवा त्याच्या घरचं माणूस समोर असल्याशिवाय डोळा रंगवू नये. हा नियम दोन्ही टेबलांना लागू राहील."

"दोन्ही?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "चित्रकाराला मनात दिसतं ना, त्याला कशाला नियम?"

"दिसतं तर दिसू दे की. घरी जाऊन बघू दे. इथे समोरच्या माणसाकडे बघायचं."

साहेबांनी कागद दोन दिवस ठेवून घेतला. बाई दोन्ही दिवस सकाळी त्यांच्या दाराशी उभ्या राहून "झाला का?" एवढंच विचारून कामाला जात. तिसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्याकडून तो पुन्हा टाइप करून घेतला, बाईंनी सांगितला तसा, आणि सही केली. तो आता रंगकामाच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे.

चित्रकार अजून कुरकुरतो. वेळ फार जातो, मान दुखते म्हणतो. परवा त्याच्या रुग्णाला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि चित्रकाराने सवयीने ब्रश रंगात बुडवला. बाई आपल्या रुग्णाच्या डोळ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"ब्रश खाली," त्या म्हणाल्या. "माणूस बाहेर गेलाय."

त्याने ब्रश खाली ठेवला.